ना हरकत

पट्टा नव्व्याण्णव वर्षांचा, एकोणीसशे चौसष्टपासून.
जमीन कांकरियांची, भिंती कांकरियांच्या,
आत राहणं तेवढं आमचं.
कलम अकरा : मालकाच्या लेखी संमतीशिवाय
पट्टेदाराने भिंत, चौकट, फरशी यांस हात लावू नये.

मला हात लावायचा होता न्हाणीच्या दाराला.
दार चोवीस इंच. चाकाची खुर्ची सव्वीस.

भुसावळात तसं कोण विचारतं?
वरच्या फालकांनी गॅलरी आत घेतली.
खालच्या भंगाळ्यांनी तर अख्खी भिंत काढून
शेवभाजीची पार्सलं सुरू केली.
"पाडी टाक व माय, कोन इचारतं!"
पण मी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या
आवक-जावकमध्ये बसलेली बाई.
शिक्का नसलेल्या कागदाचं पुढे काय होतं
ते वाळवीइतकंच मला ठाऊक.

दिवसातून किती वेळा म्हणतो आपण, हरकत नाही.
दूधवाल्याकडे सुट्टे नसले, हरकत नाही.
पॅसेंजर दीड तास लेट, हरकत नाही.
नळ बाराव्या दिवशी आला, तरी हरकत नाही.
तेच दोन शब्द उलटे करून
पाचशेच्या स्टॅम्पवर मागितले
तर सात महिने.

वकील नारखेडे म्हणाले, नकाशा जोडा. जोडला.
म्हणाले, ही भार पेलणारी भिंत नव्हे
असा इंजिनिअरचा दाखला आणा. आणला.
भार पेलणाऱ्या बाईचा
कुणी मागितला नाही.

हा शब्द आधी एकदा दवाखान्यात ऐकला होता.
बऱ्हाणपूरचे डॉक्टर,
मराठीत सुरुवात करून हिंदीत उतरणारे,
यांच्या उजव्या तळव्याला सुई टोचून म्हणाले,
"हरकत नहीं है."
मला वाटलं, म्हणजे काळजीचं काही नाही.
मी हसलेसुद्धा.
बाहेर आल्यावर नर्सने समजावलं,
त्यांच्या भाषेत हरकत म्हणजे हालचाल.

शेवटी भर मे महिन्यात स्वतःच जळगावला गेले.
पारसमल कांकरिया बंगल्याच्या व्हरांड्यात, कॉटवर.
हातात भिंग, शेजारी माझ्या घरी आहे तशीच खुर्ची,
आणि आत हातोडे.
त्यांचीच खोली पाडत होते.
मुलाला हॉल मोठा हवा होता.

"बारा बिऱ्हाडं आहेत तिथे," ते म्हणाले,
"विचारायला आलेल्या तुम्ही पहिल्या."
"आणि तुम्हाला कोणी विचारलं का?"
मी बोलून गेले.
ते भिंग पुसत राहिले. बराच वेळ.
मग सही केली, पूर्ण नावाची, वडिलांच्या नावासकट,
तारीख घातली,
आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली :
दार अर्जात तीस इंच आहे, ते बत्तीस घ्यावे.
कोपरे घासतात.

आज यावलचे रुबाब मिस्त्री आले.
चौकटीच्या बाजूला खडूची रेघ ओढली,
घण उचलला.
"मारू ना ताई? कागद झाला ना?"
झाला, म्हटलं.
मग म्हटलं, थांबा जरा.

मालकाची संमती, वकिलाची पोच, इंजिनिअरचा दाखला,
फालकांनाही सांगून आले की धूळ येईल.
माझ्या सासूबाई यांनाच मालक म्हणायच्या लावायच्या मला,
मी कधी म्हटलं नाही,
म्हणूनच बहुतेक यादीत राहून गेलं नाव.

पलंगाशी जाऊन बसले.
"अहो, न्हाणीचं दार मोठं करतोय. खुर्ची थेट आत जाईल.
उचलून न्यायला नको कुणी. चालेल?"

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. खूप वेळ.
दाराकडे पाहिलं.
मग डावा हात वर केला, तळवा माझ्याकडे.
करा म्हणून, की थांबा म्हणून,
मला कळलं नाही.
हरकत होती, एवढं खरं.

मिस्त्री अजून दारात उभे आहेत,
घण खाली टेकवून.